न पाहिलेल्या माणसाचं वर्णन

न्यूझीलंडहून परत आल्यापासून लोक मला डोंगरांबद्दल आणि मेंढ्यांबद्दल विचारतात. डोंगर पाहिले, मेंढ्याही पाहिल्या. त्यांचे फोटो आहेत, ज्यांना हवेत त्यांना दाखवीन. पण तीन महिन्यांच्या त्या मुक्कामातलं मला सांगावंसं वाटतं ते ख्राइस्टचर्चमधल्या चार दिवसांबद्दल. त्याचा एकही फोटो नाही. त्या चार दिवसांत मी जेवढी घाबरले, तेवढी त्रेसष्ट वर्षांत कधी घाबरले नव्हते, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काय काय निघू शकतं तेही मला तिथंच कळलं.

अल्बनी

माझी मुलगी मृण्मयी ऑकलंडच्या उत्तरेला अल्बनीत राहते. फार्मासिस्ट आहे. ती आणि जावई सकाळी साडेसातला आपापल्या गाड्या काढून जातात, नात ईशा शाळेत जाते, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात मी आणि फ्रिजची घरघर. बाहेर एकसारखी नवी घरं. त्यांना कुंपण नाही, खिडक्यांना गज नाहीत, रस्त्यावर माणूस नाही. पहिले पंधरा दिवस मी दाराला आतून खुर्ची लावून बसत असे. ईशाला याचं फार हसू यायचं. "आजी, इट्स जस्ट क्वाएट!" ती म्हणायची. मी तिच्याशी मराठीत बोलते, तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिला कसं सांगणार की पुण्यात जन्म काढलेल्या बाईला 'जस्ट क्वाएट'चीच भीती वाटते? आमच्याकडे दुपारी दोनला रस्ता असा सुनसान झाला तर नक्की काहीतरी झालेलं असतं.

मृण्मयीनं माझ्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज मी पोचले त्याच महिन्यात दाखल केला होता. तिचे बाबा गेल्यापासून मी पुण्यात एकटी, हे तिला खटकत होतं. पुण्याच्या पोलिसांकडून मी चारित्र्याचा दाखला आणला होता, छातीचा एक्सरे काढून झाला होता. "आता फक्त थांबायचं, आई," ती म्हणाली होती. "मध्ये काही घोळ होता कामा नये."

मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि तीस वर्षं पुण्याच्या एका चित्रपट मंडळात सिनेमे पाहिले. माझं वेड एकाच प्रकारचं: हॉलिवूडनं चाळीसच्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षं काढलेले गुन्हेगारीचे कृष्णधवल सिनेमे. फ्रेंच समीक्षकांनी त्यांना 'नॉयर', म्हणजे काळे, असं नाव दिलं. ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, फेल्ट हॅट घातलेला एकटा माणूस आणि त्याच्या मागून येणारी पावलं. तरुणपणी मी नायक-नायिका पाहिल्या. पन्नाशीनंतर माझी नजर पडद्याच्या कडेला जायला लागली. लिफ्टचं दार उघडणारा काळा माणूस, चहाचा ट्रे आणणारा चिनी नोकर, नाइटक्लबमध्ये एक गाणं म्हणून दिसेनाशी होणारी गायिका. यांना नाव का नाही, घर का नाही? शहर त्यांच्याशिवाय चालत नाही, पण गोष्ट त्यांच्याविना खुशाल पुढे जाते. एका वहीत मी याची टिपणं मराठीत लिहीत आले होते. त्याचं पुढे काही करायचं असं ठरवलेलं नव्हतं.

मृण्मयीची शाळेतली मैत्रीण शलाका ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिच्या वॉर्डात केन ली नावाचे एक आजोबा खुब्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. ते तिथल्या एका छोट्या फिल्म सोसायटीचे सेक्रेटरी. जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या भर हिवाळ्यात, त्यांच्याकडे तीन दिवस नॉयर सिनेमे दाखवतात. शलाकानं त्यांना माझ्याबद्दल सांगितलं, आणि मला निमंत्रण आलं: रविवारच्या सिनेमाआधी वीस मिनिटं बोला, विषय तुमचा. मी हरखून गेले.

ख्राइस्टचर्च, गुरुवार

विमानतळावर शलाका घ्यायला आली होती. दुपारचे चार वाजले होते आणि उजेड मलूल व्हायला लागला होता. घराघरांतून लाकडं जाळायच्या शेगड्या पेटल्या होत्या आणि तो धूर वर न जाता रस्त्यावरच बसला होता.

"काकू, थंडीत हे असंच," शलाका म्हणाली. "डोळे चुरचुरतील. स्कार्फ नाकावर घ्या."

रात्री तिनं गरम थालीपीठ आणि लोणी दिलं, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवली. सकाळची ड्यूटी होती म्हणून ती लवकर झोपली. मी वही काढून रविवारचं भाषण पुन्हा वाचलं. मला ते आवडलं होतं. त्यात एक वाक्य होतं: 'या सिनेमांत भिण्याचा हक्क फक्त गोऱ्या माणसाला आहे, बाकीचे सगळे भीतीचं सामान.' त्याच्याखाली मी दोन रेघाही मारल्या होत्या. आज ते वाक्य वाचलं की मला माझीच लाज वाटते. वाक्य चूक नाही. लिहिणारी बाई कच्ची होती.

शुक्रवार

सिनेमाचा हॉल म्हणजे चर्चमागची एक जुनी लाकडी इमारत. साठ खुर्च्या, त्यांतल्या तिसाच्या वर भरलेल्या. केन ली दारातच काठी टेकून उभे होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, चेहरा चिनी, अंगात हातानं विणलेला स्वेटर. त्यांचं इंग्रजी ऐकून मी क्षणभर चकित झाले, कारण ते अस्सल तिथल्या मातीतलं होतं. त्यांच्या आजोबांपासून सगळे न्यूझीलंडमध्येच. मी चकित झाले हे त्यांनी पाहिलं असावं.

"मला केन म्हणा," ते म्हणाले. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या माणसाला नुसतं नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना. मी दिवसभर काहीच न म्हणता वेळ मारून नेली.

सिनेमात एक काळा लिफ्टवाला होता. प्रेत पाहून त्याचे डोळे मोठे होतात, दात वाजतात. हॉलमध्ये हशा पिकला. नंतर नायिका त्याच प्रेतापाशी येते, तिचे डोळे मोठे होतात, आणि सगळे श्वास रोखून बसतात. मी अंधारातच वहीत लिहिलं: भीती तीच, एकीवर हसायचं, दुसरीवर नाही. शेजारी पाहिलं. केन हसले नव्हते.

मध्यंतरात चहा, स्कोन आणि घरचा प्लमचा जॅम होता. केननी माझ्यासाठी स्कोन कापून दिला आणि आपण होऊन सांगायला लागले.

"आमचं फळांचं दुकान होतं. शनिवारी आम्ही भावंडं पिक्चरला जायचो. पडद्यावर चिनी खलनायक आला की सगळं थिएटर मागं वळून आमच्याकडे बघायचं. तो नट चिनी नसायचाच, गोऱ्या माणसाच्या पापण्या चिकटवलेल्या असायच्या. पण बघायचे आमच्याकडे. दिवे लागले की आई आम्हाला उठू द्यायची नाही. सगळे गेले की मग आम्ही निघायचो."

"मग तुम्हाला हे सिनेमे अजून आवडतात कसे?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "त्यात भीती खरी दाखवलेली असते. चुकीच्या माणसाची असते, पण खरी असते."

हे मी वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, रविवारचं भाषण आता उत्तम होणार.

सिनेमा सव्वासहाला संपला. बाहेर पूर्ण काळोख पडला होता आणि धुकं धुरात मिसळून दाट झालं होतं. बसस्टॉप दहा मिनिटांवर. केननी गाडीनं सोडतो म्हटलं, पण त्यांना हॉल आवरायचा होता, आणि मी उगाच शूरपणा केला. "नो वरीज," मी म्हटलं. तिथं सगळे म्हणतात तसं.

पहिल्या चौकापर्यंत माणसं होती. नंतर मी एकटीच. मग मागून पावलं ऐकू आली. जड बूट, सावकाश चाल. पुण्यात आपल्यामागे कायम शंभर पावलं असतात, म्हणून एकही ऐकू येत नाही. इथं ती दोनच होती आणि माझ्या वेगानं येत होती. मी एकदा वळून पाहिलं. दिव्याच्या पिवळ्या वलयापलीकडे एक उंच आकृती. मी चाल वाढवली. पुन्हा वळले. आकृती दिव्याखाली आली, आणि पावलं थांबली.

ती थांबली याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली. मी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमात पावलं थांबली की पुढे काय होतं ते मला पाठ होतं. मी जवळजवळ पळत एका गल्लीत वळले. तेवढ्यात समोरून की बाजूनं, मला आजही सांगता येत नाही, काहीतरी माझ्या अंगावर आलं, खांद्यावरची पर्स हिसकावली गेली आणि मी हातावर आपटले. कोणीतरी मोठ्यानं ओरडलं. पळणारे पाय. गल्लीच्या तोंडाशी पुन्हा तीच उंच आकृती. मी तिच्यापासून दूर, रांगत, उठत, पडत, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पळाले. तिथं कोपऱ्यावर डेरी होती. डेरी म्हणजे तिथलं वाण्याचं दुकान. दुकानदार बाईनं मला आत घेऊन दार लावलं आणि पोलिसांना फोन केला.

एक तरुण महिला कॉन्स्टेबल आली. अतिशय सभ्य. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "तो कसा दिसत होता?"

मनगट सुजायला लागलं होतं. पण उत्तर मात्र झरझर आलं. "उंच. काळसर वर्णाचा. हॅट होती. लांब कोट."

"शाबास," ती म्हणाली. "फार मदत झाली."

शलाकानं घरी आल्यावर मनगटाला पट्टी बांधली. मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. आठच्या सुमारास पोलिसांचा फोन आला: दोन रस्त्यांपलीकडे एक माणूस सापडला आहे, त्याच्याकडे अनोळखी लिपीत लिहिलेली एक वही मिळाली आहे. सकाळी येऊन वही ओळखावी आणि जबाबावर सही करावी. मी हात जोडले. शलाकानं देवापुढे दिवा लावला. त्या रात्री मी गाढ झोपले. ही गोष्ट मी लपवणार नाही.

शनिवार

सकाळी शलाका ड्यूटीवर गेली. मी एकटी चहा घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि पोलिसांसमोर नीट सांगता यावं म्हणून त्या माणसाचा चेहरा आठवायला लागले.

चेहरा येईना. हॅट यायची, कोट यायचा, हॅटखाली सावली यायची. मी डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला जे दिसत होतं त्याला रंगच नव्हता. त्या रस्त्यावरचे दिवे गडद पिवळे होते, मी स्वतः पाहिलं होतं. पण माझ्या आठवणीतला तो माणूस कृष्णधवल होता. चेहरा मी पाहिलाच नव्हता. वर्ण तर कसा दिसणार? आणि पर्स ओढणारा आणि मागून येणारा एकच, हेही मी पाहिलं नव्हतं. ते मी धरून चालले होते.

आदल्या संध्याकाळी भीती बाहेर होती, गल्लीत होती. आता ती स्वयंपाकघरात येऊन बसली. एक माणूस रात्रभर कोठडीत होता, आणि तो तिथं माझ्या चार शब्दांमुळे होता.

मोबाइल कोटाच्या खिशात होता म्हणून वाचला होता. मी मृण्मयीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, त्याच्याकडे तुझी वही सापडली ना? मग झालं तर."

"वही पर्समधून पडली असेल आणि त्यानं उचलली असेल."

"ते पोलीस बघतील ना! तू सही कर आणि मोकळी हो. आज जबाब बदललास तर म्हणतील काल खोटं सांगितलं. आई, तुझी फाइल आत आहे. परदेशात पोलिसांशी असला घोळ..." ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला तू इथं हवी आहेस गं."

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. फोन ठेवला. सही केली तर कोणाला काही कळणार नव्हतं. खोटंही नव्हतं ते अगदी, मी घाबरले होते, सगळे समजून घेतील. नाही केली तर? खोटी माहिती दिली म्हणून माझ्यावर काही होईल का? पुण्याला परत धाडतील का? मला तिथला कायदा ठाऊक नव्हता. विचारायला कोणी नव्हतं. शेवटी मी त्या गावात शलाकाखेरीज ज्या एकाच माणसाचा नंबर माझ्याकडे होता त्याला फोन केला.

केन वीस मिनिटांत गाडी घेऊन आले. मी त्यांना सगळं सांगितलं. पोलीस स्टेशन दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "लहानपणी माझ्या वडिलांना एकदा इथं बोलावलं होतं. कोणाच्या तरी दुकानात चोरी झाली होती. मी बाहेर बसलो होतो. आजही या रस्त्यानं जाताना माझा हात घामेजतो." त्यांनी स्टिअरिंगवरचा हात उचलून दाखवला. तळवा खरंच ओला होता. "मी आत येतो तुमच्याबरोबर," ते म्हणाले.

कालचीच कॉन्स्टेबल होती. तिनं माझी वही प्लास्टिकच्या पिशवीतून दाखवली. मी ओळखली. मग तिनं टाइप केलेला जबाब पुढे ठेवला आणि पेन दिलं.

"एक छोटी गोष्ट," ती म्हणाली. "तुम्ही हॅट म्हणालात. त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. आणि कोट आखूड आहे, कामाचं जाकीट. धुक्यात गडबड होते, आम्ही समजू शकतो. लोकरीची टोपी असू शकेल का?"

तिचा हेतू वाईट नव्हता. ती मला मदत करत होती. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. मी केनकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"मी त्याला पाहिलंच नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मागं कोणीतरी होतं. उंच होतं. बाकीचं काही मी पाहिलं नाही. हॅट पाहिली नाही, कोट पाहिला नाही, रंग पाहिला नाही. पर्स कोणी ओढली तेही पाहिलं नाही."

"पण काल तुम्ही काळसर वर्ण म्हणालात. स्पष्ट म्हणालात."

"म्हणाले."

"का?"

मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि त्या क्षणी मला इंग्रजीचा एक शब्द आठवेना. "तुम्ही विचारलंत," मी शेवटी म्हटलं, "आणि मला कोणीतरी सांगायला हवं होतं. जो मनात तयार होता तो सांगितला. मी स्वतः सावळी आहे. तरीही माझ्या मनात तोच तयार होता."

कॉन्स्टेबलनं कपाटातून एक कागद काढला. "त्याचाही जबाब आहे," ती म्हणाली, आणि वाचायला लागली. बस डेपोत मेकॅनिक आहे, कामावरून घरी जात होता. पुढे एक वयस्क बाई चालली होती, ती दोनदा मागं वळली. ती आपल्याला घाबरते आहे हे कळलं, म्हणून तो दिव्याखाली थांबला. तिनं पुढं निघून जावं म्हणून. मग आरडाओरडा ऐकून धावला. गल्लीतून एक जण पळाला, त्याच्यामागं गेला, तो सापडला नाही. परत येऊन पाहतो तर बाई नव्हती, वही पडली होती. ती द्यायला तो डेरीकडे निघाला होता, तेवढ्यात पोलिसांची गाडी आली.

"तो दिव्याखाली थांबला होता, हे तुम्हाला आठवतं?"

"आठवतं," मी म्हटलं. "तेवढं मात्र नक्की आठवतं."

नवा जबाब लिहायला तास लागला. मला कोणी ओरडलं नाही, धमकावलं नाही. सही पट्टी बांधलेल्या हातानं केली, अक्षर माझं वाटत नव्हतं.

त्याला सोडलं तेव्हा आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. पन्नाशीचा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांपैकी, गृहस्थ, डोळे तारवटलेले, हातात लोकरीची टोपी. बरोबर त्याची बायको होती. मी उठून उभी राहिले. बोलायचं सगळं तयार होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मनगटाच्या पट्टीकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि दाराबाहेर गेला. ती मान क्षमेची होती की नुसती ओळखीची, मला सांगता येणार नाही. बायको मात्र थांबली.

"आता नीट बघून घ्या," ती म्हणाली. "पुढच्या वेळी उपयोगी पडेल."

"मला माफ करा," एवढंच मी म्हटलं. ती गेली.

गाडीत बसल्यावर मला रडू आलं. केननी गाडी सुरू केली नाही. काच खाली करून बाहेर बघत बसले, माझं रडून होईपर्यंत. मग मला त्यांच्या घरी नेऊन भोपळ्याचं सूप प्यायला लावलं.

संध्याकाळी मृण्मयीला फोन केला. नव्या जबाबाचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मनगट उशीवर ठेवून झोप, सूज कमी होईल." रागावली होती. महिनाभर अर्जाचा विषय निघाला की तिचा आवाज कोरडा व्हायचा. माझं त्यातून पुढे काहीही वाईट झालं नाही, हे आता सांगायला हरकत नाही. पण पुढचे कितीतरी दिवस पोस्टमन दिसला की मी खिडकीपासून मागं सरायचे.

रविवार

सकाळी मी केनना म्हटलं, माझं भाषण रद्द करा.

"का? विषय बदलला का?" त्यांनी विचारलं.

विषय तोच होता. म्हणून गेले. वही अजून पोलिसांकडेच होती, ते बरंच झालं. मी कागदाविना उभी राहिले. समोर पस्तीसेक माणसं, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसलेली. मी त्यांना पडद्याच्या कडेच्या माणसांबद्दल सांगितलं. काळा कलावंत, गोरी नायिका आणि प्रेम हे त्या काळच्या नियमांत बसत नसे, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शहरांत काळ्या गायिकेचं गाणं कापून काढता यावं म्हणून तिला गोष्टीपासून वेगळं ठेवत, हे सांगितलं. आणि मग शुक्रवारी संध्याकाळी काय झालं ते सांगितलं, हॅटपासून सहीपर्यंत. कोणी हसलं नाही. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. केननी उठून दिवे मालवले आणि सिनेमा सुरू झाला.

तेव्हाच शेवटच्या रांगेत मला ती दिसली. स्टेशनवरची, त्याची बायको. तिला तिथं येण्याचं कोणी सांगितलं, मला माहीत नाही. केनना मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सिनेमात एक गॅरेजवाला होता, काळा. पोलीस त्याला चौकीत आणतात, नायकाबद्दल दोन प्रश्न विचारतात. तो उत्तरं देतो, हातातली टोपी चुरगाळतो. नायकाला सुगावा लागतो, तो धावत बाहेर पडतो, कॅमेरा त्याच्यामागं जातो. गॅरेजवाला चौकीतच राहतो. पुढं तो पुन्हा दिसत नाही. हा सिनेमा मी चार वेळा पाहिला होता, भाषणातही तसं म्हटलं होतं.

सिनेमा संपल्यावर मी अंगावर कोट चढवत होते, एका हातानं जमत नव्हतं. ती जवळ आली आणि न बोलता कोटाची बाही धरली. मी हात घातला.

"हाना," तिनं स्वतःचं नाव सांगितलं. मी माझं सांगितलं.

"तो गॅरेजवाला," ती म्हणाली. "त्याचं पुढं काय होतं?"

"सिनेमात पुढं काही नाही."

"तुम्ही खूप वेळा पाहिलाय म्हणता. तुम्हाला काय वाटतं?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी त्याची नोंद केली होती, त्याला नाव नाही असं लिहिलं होतं. तो त्या रात्री कुठं गेला असेल, असा विचार मला चार वेळांत एकदाही सुचला नव्हता.

हानानं माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, मुलाचं लावतात तसं, जरा घट्टच.

"घरी कोणीतरी त्याचं जेवण गरम करत असतं," ती म्हणाली. "मी शुक्रवारी तीनदा केलं."